मागच्या खोलीतली ऊब

१

खाणीच्या गावात हिवाळ्यातली सकाळ खोऱ्यानं सुरू होते. दारात साचलेलं बर्फ ओढून काढलं, की मग बाकीची कामं. चिलबोक म्हाताऱ्याचा क्रम ठरलेला होता. आधी बर्फ. मग पाण्याच्या रांजणावरचा गोठलेला पापुद्रा फोडायचा. मग पुढच्या खोलीच्या चुलाण्यात चिडाच्या काटक्या सारायच्या. चुलाणं बाहेर, भिंतीच्या बुडाशी होतं. त्याची आच जमिनीखालच्या वाटांनी फिरे आणि वर निजलेल्या माणसाची पाठ शेके.

गावात बाकी सगळ्यांच्या चुलाण्यात कोळशाच्या वड्या जळत. कमळकाकडीसारखी भोकं असलेली ती गोल काळी वडी एकदा पेटली की निम्मा दिवस धुमसत राही. चिलबोकचा सारा जन्म तोच कोळसा खणण्यात गेलेला, आणि आता रानातून काटक्या वेचून आणणारा गावात तोच एकटा.

"कोळ्याच्या घरी मासळी नाही, तसलं तुमचं," शेजारची किबोंगची आई म्हणायची.

तो नुसता हसायचा. ती पुढं काही बोलत नसे, कारण तिलाही ठाऊक होतं. चिलबोकची एकुलती मुलगी मालसुक राजधानीत शिवणकारखान्यात होती. मागल्या हिवाळ्यात भाड्याच्या खोलीत वडीचा गॅस भरला आणि ती झोपेतच गेली. तिचं सगळं आटोपून आल्यावर चिलबोकनं घरातल्या वड्या ओढ्यात नेऊन टाकल्या. मागची खोली मालसुकची. तिचं चुलाणं त्यानं विटा रचून, वर मातीचा गिलावा देऊन कायमचं बुजवलं.

त्या सकाळी पेज निवत आली तरी बायको दिसेना. ती मागच्या खोलीत असणार हे त्याला कळलंच. थंडी पडल्यापासून रोज सकाळी ती तिथं केर काढायला जाई आणि केर काढून झाला तरी तिथंच रेंगाळे.

"अगं ओकपुन, पेज निवतेय."

"आले हो. जरा पाठ टेकलीय. इथं बरं वाटतं."

"बर्फाच्या लादीवर निजून बरं कसलं वाटतंय?"

"या ना आत. दार लावून घ्या, वारा येतो."

तो आत गेला. जमिनीला तेल पाजलेला पिवळा कागद चिकटवलेला होता, मालसुकनंच लहानपणी बापाबरोबर बसून चिकटवलेला. मोज्यांतून त्याच्या तळव्यांना काहीतरी जाणवलं. मांजर नुकतंच उठून गेलेल्या जागेला असते, तेवढीच ऊब.

उन्हानं असेल, असं त्याच्या मनात आलं. पण त्या खोलीची खिडकी उत्तरेला, आणि खिडकीसमोर डोंगराचा कडा. तिथं ऊन उन्हाळ्यातसुद्धा फिरकत नसे. म्हाताऱ्या पायांचं काय खरं धरावं, असं म्हणून तो बायकोला हात देऊन उठवायला वाकला. तिचा हात छान गरम होता.

२

तिला पहिली आकडी आली ती त्याच खोलीत.

ती मोड आलेली कडधान्यं निवडत बसली होती आणि तो उंबऱ्यावर बसून खोऱ्याचा दांडा घट्ट करत होता. बोलता बोलता ती थांबली. परात कलंडली. त्याला वाटलं, वाटाणा घरंगळला म्हणून वाकली असेल. मग टाचांचा आवाज आला, जमिनीवर कुणी दार ठोठावल्यासारखा. त्यानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. डोळे पांढरे झाले होते, दात घट्ट आवळले होते, आणि ते हलकं म्हातारं अंग त्याच्या हातांत आवरत नव्हतं.

किबोंगची आई वाडगा घेऊन धावत आली. खारवलेल्या मुळ्याचं गार पाणी. गॅस लागलेल्या माणसाला त्या मुलखात सगळे तेच पाजतात.

"गॅस लागलाय मालसुकच्या आईला!"

"आमच्या घरात गॅस कुठून येणार? वडीच नाही घरात."

"मग ही काय नाचतेय का?"

आकडी उतरली. ओकपुननं डोळे उघडले, वाडग्याकडं बघितलं आणि ओठ चाटले.

"किबोंगच्या आई, मुळा यंदा खारट झालाय तुझा."

"मेली असतीस तरी चव सांगून मेली असतीस," किबोंगची आई म्हणाली आणि बाहीआड रडायला लागली.

"कुणाला बोलू नकोस," चिलबोक तिला म्हणाला. आकडीच्या रोगाला गावात नाव फार वाईट होतं. ती बोलणार नाही म्हणाली, आणि ते डॉक्टरीणबाईंच्या कानावर जायला फार वेळ लागला नाही.

डॉक्टर मिन जिल्ह्याच्या इस्पितळातून आलेल्या. तरण्या, चष्मेवाल्या, पुरुषी बूट घालणाऱ्या. त्या घरोघर फिरून विचारत, घरात कुणाला कधी गॅस लागला होता का, आणि पुढं कुणाला आकड्या सुरू झाल्या का. त्यांचं संशोधन होतं ते.

"एकदम भरपूर गॅस लागला तर माणूस जातो, हे सगळ्यांना माहीत आहे," त्या चिलबोकला म्हणाल्या. "पण थोडा थोडा, रोज लागत राहिला तर मेंदूचं काय होतं? मला वाटतं, अशा घरांत आकड्या जास्त दिसतात. अजून पक्कं सांगता येत नाही."

"ती वाचेल ना, डॉक्टरीणबाई?"

"गॅस बंद झाला तर. नाहीतर अशीच एखादी आकडी येईल आणि उतरणार नाही."

ओकपुनचं लक्ष एवढ्यावरच होतं की डॉक्टरीणबाईंचं लग्न झालेलं नाही.

"पोरी, किबोंग आहे बघ. दात जरा पुढं आहेत, पण मिळवता आहे."

"आजी, आधी तुमची जीभ दाखवा."

"जीभ काय, सगळी पत्रिका दाखवते. तू हो म्हण."

३

डॉक्टर मिनच्या पेटीत बोटाएवढ्या काचेच्या नळ्या होत्या. आत पिवळी पूड. हातपंपानं खोलीतली हवा नळीतून ओढायची. हवा चांगली असली तर पूड पिवळी राहते, गॅस असला तर तपकिरी होते. त्या गॅसला वास नसतो, म्हणून नळी लागते.

पुढच्या खोलीत पूड पिवळी राहिली.

मागच्या खोलीत ती चहासारखी झाली.

बाईंनी दुसरी नळी लावली. मग तिसरी. मग बूट घालून त्या घराच्या मागं गेल्या, बुजवलेल्या चुलाण्यापाशी उकिडव्या बसल्या. गिलाव्याला चीर नव्हती. त्यांनी हातमोजा काढून विटांवर तळवा ठेवला आणि चिलबोककडं बघितलं.

"कोमट आहे. ऊन असतं का इथं?"

"असतं की," चिलबोक म्हणाला. खोटं का बोललो ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

बाई विचार करणाऱ्या होत्या. लाकूड जळतानाही हा गॅस होतो, म्हणाल्या. पुढच्या चुलाण्याचा धूर जमिनीखालून मागं येत असेल. चिलबोकनं सांगितलं, दोन्हीच्या वाटा वेगळ्या आहेत, मी स्वतः बांधल्यात. तरी बघू, म्हणाल्या. मग एक दिवस त्यानं पुढचं चुलाणं पेटवलं नाही. दोघं म्हातारा-म्हातारी किबोंगच्या घरी बसून राहिली, आणि ओकपुननं किबोंगला त्याच्या दातांवर चार शब्द सुनावले. संध्याकाळी बाई नळी घेऊन त्या थंडगार घरात शिरल्या. चिलबोक अंगणात थांबला.

त्या बाहेर आल्या. नळी तपकिरी होती.

"शेजारच्या घरातून भिंतीवाटे येत असेल."

"मागं शेजार कुठं आहे, बाई? कडा आहे."

बाईंनी कड्याकडं बघितलं. चष्मा पुसला. "आजींना त्या खोलीत जाऊ देऊ नका," एवढंच म्हणाल्या. "कुलूप घाला. कुठून येतंय ते मी शोधते."

त्यानं कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी काटक्या घेऊन परतला तर कुलूप जागेवर आणि बायको घरात नाही. घराला वळसा घालून मागं गेला, तर खिडकीखाली पालथी घातलेली कुंडी आणि खिडकीच्या चौकटीत अडकलेली बायकोची एक चप्पल.

आत ती भिंतीला टेकून, पाय पसरून बसली होती. गाल पोरीसारखे लाल झाले होते. गॅसनं गाल असे होतात, हे त्याला माहीत होतं. मालसुकला ओळखायला त्याला राजधानीत नेलं होतं, तेव्हा तिचेही गाल असेच होते. बाजारातून धावत आल्यासारखे.

"या वयात खिडकीतून उड्या?"

"कुलूप कुणी घातलं? तुम्ही. मग उड्या कुणामुळं? तुमच्यामुळं."

तो तिला उचलायला लागला, तशी ती म्हणाली, "हळू. तिकडं पाय देऊ नका, सांडेल."

४

चुलाण्याच्या अंगाला, जिथं जमीन सगळ्यात आधी तापते, तिथं एक रजई घडी करून ठेवली होती. चिलबोकनं ती उचलली. खाली झाकणाचा पितळी वाडगा होता. आत भात, गरम.

जेवायला उशिरा येणाऱ्या माणसाचा भात असाच ठेवतात. नवरा खाणीच्या दुसऱ्या पाळीला असला, मुलगा गावाला गेला असला, तर त्याचा वाडगा रजईखाली उबेच्या जागी जातो. चिलबोकनं जन्मभर असाच भात खाल्ला होता. मेलेल्या माणसाचा भात वेगळा. तो पाटावर मांडतात, झाकण काढतात आणि त्यात चमचा उभा रोवतात.

"हे कधीपासून?"

"थंडी पडल्यापासून. ती घरी आली असती ना सुट्टीला." ओकपुन शांतपणे बोलत होती. "पहिल्यांदा ठेवला तेव्हा जमीन गारच होती. म्हटलं, असू दे. दुसऱ्या दिवशी बघते, तर भात गरम." ती हसली. "मी थंडीत कुडकुडते हे तिला आवडायचं नाही. आठवतं का, शाळेतून आली की आधी माझे पाय चाचपायची."

त्याला आठवत होतं.

त्याच दुपारी तिला दुसरी आकडी आली. ही लवकर उतरेना. ओठ निळे पडले. डॉक्टर मिन पळत आल्या, सुई टोचली, छातीवर कान ठेवून कितीतरी वेळ तशाच वाकून राहिल्या. दिवे लागायच्या सुमारास ओकपुननं डोळे उघडले, पण नवऱ्याला ओळखायला तिला बराच वेळ लागला. ओळखलं तेव्हा म्हणाली, "तुम्ही होय. म्हातारे किती झालात."

"आणखी एक अशी आली, तर माझ्याकडं उपाय नाही," बाई अंगणात त्याला म्हणाल्या.

बाई गेल्यावर किबोंगची आई कुंपणापाशी उभी राहिली. तिला वाडग्याचं कळलं होतं. या वेळी तिनं टोमणा मारला नाही.

"काका, एक बोलू? माझी सासू म्हणायची, गॅसनं मेलेल्याला आपण मेलो हे कळतच नाही. झोपतो आणि झोपेतच जातो. त्याला कुणीतरी सांगावं लागतं."

चिलबोकनं कुंपणावरचं बर्फ हातानं झाडलं.

"तुमची पोर बिनलग्नाची. बिनलग्नाच्या पोरीला ना थडगं, ना वर्षश्राद्धाचा भात. राख नदीत सोडलीत आणि घरी आलात. तिला सांगितलं कुणी? आणि वर मालसुकची आई तिचा भात रजईखाली ठेवते, रात्रपाळीवरून येणार असल्यागत. मग पोर काय समजेल?" तिनं नाक पुसलं. "तो वाडगा घ्या. मागं जा. झाकण काढा आणि चमचा उभा रोवा. कळेल तिला. हुशार होती."

५

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना ओकपुनला पुढच्या खोलीत झोप लागली. किबोंगची आई तिच्या उशाशी बसली. चिलबोकनं एका हातात वाडगा घेतला, दुसऱ्या हातात चमचा, आणि तो घराच्या मागं गेला.

रात्री पुन्हा पडलेलं बर्फ सगळीकडं गुडघाभर होतं. बुजवलेल्या चुलाण्यासमोर मात्र अर्धगोल जागा मोकळी होती, आणि तिथली माती कोरडी होती. कुणी बसून बसून केल्यासारखी. येण्याजाण्याची पावलं नव्हती.

तो तिथं बसला. विटांतून ऊब येत होती. वाडगा समोर ठेवला, झाकण काढलं. वाफ निघाली.

बापानं पोरीला हे सांगायचं कसं, याचा तो विचार करत राहिला. कड्यावरून बर्फाचा एक लोंढा घसरला आणि पुन्हा सगळं शांत झालं. मग भिंतीच्या आतून आवाज आला. लोखंडी चिमटा विटेला घासल्याचा. हा आवाज या गावात लहान पोरसुद्धा ओळखतं. जळून पांढरी झालेली वडी खाली बसली, की वर नवी ठेवतात, तेव्हा होतो तो.

उंदीर असेल. कडा तडकत असेल. थंडीत दगड बोलतात. चिलबोकनं हे सगळं मनातल्या मनात म्हणून बघितलं. मग त्यानं कमरेचा सुरा काढून गिलावा खरवडला आणि एक वीट ओढून बाहेर काढली.

आत लाल उजेड होता.

चुलाण्याचं तोंड बाहेरून असतं. वडी बाहेरून घालायची, बाहेरून काढायची. पण तो चिमटा पलीकडून आला होता, जमिनीखालच्या बाजूनं, जिथं हातभर उंचीची काळोखी वाट सोडून काही नाही. चिमट्यात नवी वडी होती. ती खालच्या वडीवर टेकली, आणि मग बोटं पुढं आली आणि त्यांनी वडी किंचित फिरवली. वरची भोकं खालच्या भोकांवर नीट बसावीत म्हणून. नाहीतर आच वर चढत नाही.

ते फिरवणं त्यानंच शिकवलं होतं. सात वर्षांच्या पोरीचा हात हातात धरून. 'एवढंस्सं. किल्ली फिरवतात तसं.'

अंगठ्याला शिवणसुईनं टोचून टोचून पडलेले काळे ठिपके होते. बाकी त्यानं बघितलं नाही. बघायला वाकावं लागलं असतं.

चमचा त्याच्या हातात होता. वाडगा समोर होता. भात मऊ होता, चमचा सहज उभा राहिला असता.

"मालसुक," तो म्हणाला.

बोटं थांबली.

त्याला सगळं बोलायचं होतं. राजधानीतल्या त्या खोलीबद्दल, गालांबद्दल, नदीबद्दल. तोंडून निघालं ते भलतंच.

"जेवलीस का, पोरी?"

बोटं तशीच थांबली होती, ऐकत असल्यासारखी. वडीच्या भोकांतून निळ्या जिभा वर आल्या, तरी ती मागं झाली नाहीत.

चिलबोकनं चमचा आडवा, वाडग्याशेजारी ठेवला.

"हे बघ, आईला आता ऊब सोसत नाही. म्हातारी झाली. डोकं दुखतं तिचं, पडते. या खोलीखाली नको लावूस." त्यानं वाडग्यावर झाकण ठेवलं. "मला मात्र थंडी वाजते बघ. फार वाजते. अंगणापलीकडं खोऱ्याफावड्यांची खोली आहे ना, मी आता तिथं निजणार आहे. लावायचंच झालं तर तिथं लाव."

बोटं हळूहळू उजेडातून मागं गेली. जाताना त्यांनी वडी पुन्हा एकदा किंचित फिरवली. त्यानं वीट जागेवर बसवली आणि बर्फात कालवलेल्या मातीनं फट बुजवली. माती लगेच गोठली.

६

डॉक्टर मिन नळी उजेडाला धरून उभ्या राहिल्या. पिवळी. पुन्हा बघितलं, पुन्हा पिवळी. एवढं मनमोकळं हसताना त्यांना गावात कुणी बघितलं नव्हतं.

"काय केलंत, आजोबा?"

"मागं एक वीट सैल होती. नीट बसवली."

त्यांनी ते लिहून घेतलं. ओकपुनला पुन्हा आकडी आली नाही. ती भांडू लागली, चालू लागली, किबोंगसाठी डॉक्टरीणबाईंना पुन्हा गळ घालू लागली. मागच्या खोलीत एकदा जाऊन आली आणि दारात बराच वेळ उभी राहिली.

"गार झालं की हो सगळं. रागावली का ती?"

"रागावेल कशी? तिचा भात माझ्याकडं देत जा. मी ठेवतो उबेला."

"तुम्ही वेगळं निजता ते बरं नाही. लोक हसतात. या वयात बायकोशी भांडण झालं म्हणतात."

"माझं घोरणं तुला सोसत नाही."

"जन्मभर सोसलं की!"

अवजारांच्या खोलीला चुलाणं कधीच नव्हतं. खाली जमिनीत वाटा नाहीत, कागद नाही. नुसती ठोकलेली माती, आणि त्याखाली डोंगर. चिलबोक संध्याकाळी तिथं पथारी टाके, वाडगा रजईखाली सरकवी आणि तळहात मातीवर टेकवून बसून राही. काही दिवस माती गारच राहिली. त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटल्याचं त्याला रडूही आलं.

मग एका संध्याकाळी तळहाताखाली मांजर उठून गेल्याएवढी ऊब लागली.

आता तो दार वीतभर उघडं ठेवून निजतो. तोंड फटीकडं, पाठ उबेकडं. सकाळी डोकं जड असतं. परवा डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा त्याचा डावा अंगठा आपोआप उडत होता. त्यानं तो अस्तनीत लपवला आणि किबोंगच्या दातांचा विषय काढला. दार सताड उघडावं असं त्याला कधी कधी वाटतं. पण मग बाहेरचा वारा आत येईल, पोरीला वाटेल बापाला थंडी वाजतेय, आणि ती आणखी एक वडी लावेल.

पुढच्या खोलीतून ओकपुन दिवा मालवण्याआधी रोज हाक मारते.

"अहो, कुडकुडत तर नाही ना?"

"नाही गं," तो म्हणतो. "छान ऊब आहे."